खाराचे भांडे : मर्तबानापासून निळ्या पिंपापर्यंत

लोणचे हा शब्द 'लवण' या संस्कृत शब्दाच्या कुळातला. लवणाचे लोण झाले आणि लोणापासून लोणचे. म्हणजे आपल्या भाषेने या पदार्थाला नाव देताना ना कैरी पाहिली, ना मोहरी, ना तेल. तिने मीठ तेवढे पाहिले. परंतु मीठ एकटे काही करीत नाही. त्याला पाणी हवे, काळ हवा आणि त्या काळात खार धरून ठेवणारे भांडे हवे. पाककृतींच्या पुस्तकांत या भांड्याला एका ओळीपेक्षा अधिक जागा क्वचितच मिळते. 'स्वच्छ बरणीत भरावे' असे म्हणून लेखिका पुढच्या पदार्थाकडे वळते. त्या एका ओळीमागचा इतिहास थोडा उलगडून पाहावा, या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत. त्याला निमित्तही आहे. गेली काही वर्षे आमच्या कोल्हापूर परिसरात घरोघरी आणि महिला बचत गटांतून खारवण्याचा उद्योग पिंपांच्या मापाने होऊ लागला आहे आणि ती पिंपे कोठून येतात हा प्रश्न विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

कोल्हापूर समुद्रावरचे गाव नाही. इथले मीठ घाट चढून आले. फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबा या घाटवाटांनी कोकणातल्या मिठागरांचे मीठ बैलांच्या पाठीवर वर यायचे आणि देशावरचे धान्य व गूळ खाली जायचे. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाल्यावर ही वाहतूक हळूहळू बदलली. पण मिठाची किंमत आणि मिठावरचा कर या दोन्ही गोष्टी घरातल्या बाईला फार काळ ठाऊक होत्या. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तेव्हा तिथल्या शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते. तेच खांडेकर १९३८ साली कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. मिठाची आणि माणसांची वाट एकच होती, असे आम्हांला या योगायोगावरून उगाचच वाटत राहते.

मीठ आले, पण ते ठेवायचे कशात? सर्वांत जुने उत्तर मातीचे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनांच्या काळात इथे संपन्न वस्ती होती, हे त्यातून दिसले. ब्रह्मपुरीतच सापडलेला पोसायडन या ग्रीक सागरदेवतेचा चिमुकला कांस्य पुतळा आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या दूर समुद्राचा देव कसा आला, तर व्यापाराच्या वाटेने. त्याच काळात रोमन जहाजांतून अँफोरा नावाचे दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे रांजण भारताच्या किनाऱ्यांवर उतरत होते. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला आणि आपल्याकडे नेवाशाला त्यांची खापरे मिळाली आहेत. त्यांतून मद्य यायचे, ऑलिव्हचे तेल यायचे आणि मासे मिठात मुरवून केलेला रसही यायचा. खारवलेले अन्न दूर न्यायचे तर आधी भांड्याचा विचार करावा लागतो, ही जाण दोन हजार वर्षांपूर्वी पक्की झालेली होती.

साध्या भाजक्या मडक्यात मात्र खार टिकत नाही. मडके सच्छिद्र असते. मिठाचे पाणी त्याच्या भिंतीत शिरते, बाहेरच्या बाजूला सुकते आणि तिथे मिठाचे पांढरे स्फटिक फुटतात. स्फटिक वाढताना मातीचे पापुद्रे सुटतात आणि एकदोन हंगामांत मडके कामातून जाते. आमच्या बापट कॅम्पातल्या, शाहूपुरीतल्या, गंगावेशीतल्या कुंभारांच्या हाताला गणपतीची मूर्ती सुंदर साधते आणि पाण्याचा माठही साधतो. पण खारासाठी हवी असलेली दगडासारखी घट्ट, काचेरी झिलईची माती ही वेगळ्या भट्टीची आणि वेगळ्या उष्णतेची गोष्ट आहे. धातूही उपयोगाचा नाही. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई असली तरी आंबट खारापुढे ती फार दिवस टिकत नाही, ॲल्युमिनियमला खड्डे पडतात आणि लोखंड तर बोलायलाच नको.

ती घट्ट मातीची भांडी पूर्वेकडून आली. ब्रह्मदेशातल्या मर्तबान या बंदरातून बाहेर पडणारे मोठे झिलईदार रांजण साऱ्या हिंदी महासागरात त्या बंदराच्या नावानेच ओळखले जात. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता आपल्या पूर्वेकडील सफरीत एका राजकन्येने दिलेल्या भेटींची नोंद करतो. त्यांत समुद्रप्रवासासाठी मिठात घातलेले आले, मिरी, लिंबू आणि आंबा यांनी भरलेले मर्तबान आहेत. हे वाचताना आम्हांला फार आनंद झाला. मिठातला आंबा आणि तो ठेवायचे योग्य भांडे यांचा एकत्र उल्लेख इतका जुना आहे. पुढे दोन शतकांनी, १५८३ ते १५८८ या काळात, गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी चिटणीस असलेला यान हुइगेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण हेच रांजण पोर्तुगीज जहाजांवर पाणी, तेल आणि मद्य भरून जाताना पाहतो आणि आपल्या ग्रंथात लिहून ठेवतो. आपल्याकडे तोच शब्द मर्तबान म्हणून राहिला. घरगुती बोलीत मात्र बरणीने त्याची जागा घेतली.

गोव्याहून आणि मंगळुराहून घाट चढून आलेल्या आपल्या कुटुंबांनी खारवण्याची स्वतःची परंपरा बरोबर आणली. चेपणीची तोरे हे तिचे सर्वांत साधे रूप. कोवळी, बाठ न धरलेली तोरे मिठात रचायची, वर जड दगड ठेवायचा आणि त्यांच्याच सुटलेल्या पाण्यात ती बुडू द्यायची. चेपणे हे क्रियापद त्या दगडावरून आले. मंगळुरी घरांत फणसाचे गरे मिठात घालतात. उपवासकाळासाठी सुक्या आणि खाऱ्या माशांची बेगमी होतच असे. आजरा-चंदगडकडची कुटुंबे लिंबू आणि मिरची खारात घालतात. दगडाच्या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान म्हणायचे. इथला काळा पाषाण आंबट खारात विरघळत नाही. चुनखडीचा दगड मात्र आम्लात झिजतो आणि खाराचा आंबटपणा मारतो, म्हणून संगमरवरी तुकडा कितीही देखणा असला तरी तो चेपणीला घेऊ नये.

विसाव्या शतकात घरोघरी दिसू लागलेली, वरून तपकिरी आणि खालून पांढरट असलेली चिनी मातीची बरणी चीनमधून आली नव्हती. सौराष्ट्रातल्या थानगढसारख्या गावांत आणि उत्तरेत चुनार-खुर्जा भागांत ती बनत होती आणि रेल्वेने सर्वत्र जात होती. अशा दगडी मातीच्या भांड्यांवर झिलई चढवण्याची एक जुनी युक्ती मोठी मौजेची आहे. भट्टी पुरती तापली, सुमारे बाराशे अंशांच्या घरात गेली, की तिच्यात चक्क मीठ टाकतात. मिठाची वाफ होते, त्यातला सोडियम मातीतल्या वाळूशी मिळतो आणि भांड्यावर काचेचा पातळ थर बसतो. पुढे त्याच भांड्यात मीठ मुरते आणि त्या थराला ढिम्म होत नाही. याउलट कमी उष्णतेवर भाजलेल्या, शिशाची चकचकीत झिलई दिलेल्या रंगीत भांड्यातून आंबट खार शिसे ओढून घेतो. दिखाऊ रंगीत बरणी शोभेला ठेवावी, खाराला नाही.

काचेची गोष्ट तर आपल्या मराठी मुलखातच घडली. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काचकारखाना काढला, त्याच्या नावाने ओगलेवाडी वसली आणि 'प्रभाकर' कंदील घराघरांत पोहोचला. कोल्हापूरची गाडी त्याच मार्गाने जात असे. काच खाराला उत्तम, कारण ती काही घेत नाही आणि काही देत नाही. पण ती फुटते, जड असते आणि पाच-सात किलोंच्या पुढे घरगुती काचेची बरणी परवडत नाही. मोठ्या प्रमाणावर खारवणारे व्यापारी म्हणून लाकडी पिंपे वापरत; मुंबईहून विलायतेला कैरीच्या फोडी मिठाच्या पाण्यात पिंपे भरभरून जात, आणि तिथे त्यांची चटणी होई.

मग प्लॅस्टिक आले. १९३३ साली इंग्लंडमध्ये नॉर्थविच येथे गिब्सन आणि फॉसेट यांच्या प्रयोगात अपघाताने पॉलिएथिलीन तयार झाले. ते मऊ होते. १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी कमी दाबाखाली तेच अधिक घट्ट आणि कणखर स्वरूपात बनवण्याची रीत शोधली, पुढच्याच वर्षी इटलीत जुलिओ नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन घडवले आणि १९६३ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. खाराच्या दृष्टीने हे दोन शोध मोलाचे. पहिल्याला आज आपण एचडीपीई म्हणतो, दुसऱ्याला पीपी. मीठ आणि सौम्य आम्ले यांचा दोघांवरही परिणाम होत नाही. आपल्याकडे १९६८ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा पेट्रोरसायन प्रकल्प सुरू झाला, १९६९ साली बडोद्याला आयपीसीएल स्थापन झाली, आणि सत्तरीच्या दशकात बादली, कळशी, डबा असे करत प्लॅस्टिक स्वयंपाकघरात शिरले. नव्वदीच्या दशकात कर्नाटकातून खारवलेल्या छोट्या काकड्या परदेशी जाऊ लागल्या, त्या लाकडी पिंपांतून नव्हे, प्लॅस्टिकच्या पिंपांतून.

इथून आमच्या विषयाला गंभीर वळण लागते. लाकडी पिंप किंवा चिनी बरणी डोळ्यांना आणि नाकाला आपला इतिहास सांगत असे. प्लॅस्टिकचे निळे पिंप काही सांगत नाही. ते काल आम्लाचे होते की आज तेलाचे आहे, त्यात रंग होता की कीटकनाशक, हे धुतल्यानंतर कळत नाही. आणि मुख्य म्हणजे, धुतल्याने ते पुसलेही जात नाही. एचडीपीईला मिठाच्या पाण्याने काही होत नसले, तरी तेलकट आणि सेंद्रिय रसायने त्याच्या भिंतीत जिरतात. साबण, राख, उकळते पाणी, ऊन, काहीही केले तरी जिरलेले द्रव्य आत राहते आणि पुढे महिनोन्‌महिने त्यात ठेवलेल्या पदार्थात थोडे थोडे उतरत राहते. खारवणे ही तर महिन्यांचीच क्रिया.

अन्न आणि विष एका छपराखाली आले की काय होते, याचा धडा या देशाने १९५८ साली घेतला. मुंबईहून केरळला गेलेल्या जहाजात गव्हाच्या पिठाशेजारी पॅराथिऑन या कीटकनाशकाचा साठा होता. तो पाझरला, पीठ तसेच विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेने सुरू झालेल्या विचारातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला, आणि १९७१ च्या नियमांत रिकामी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, पुन्हा वापरात येऊ देऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले गेले. हे होऊनही १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन घेतलेली तेवीस मुले मरण पावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस होते. स्वयंपाकाचे तेल ज्या डब्यात ठेवले होते, तो पूर्वी त्या कीटकनाशकाचा होता असे तपासात पुढे आले. मुलांनी तेलाची चव वेगळी लागते अशी तक्रार केली होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. मोनोक्रोटोफॉस हे आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही अपरिचित नाव नाही. म्हणून जुन्या बाजारात निम्म्या किमतीला मिळणारे पिंप पाहिले की आम्हांला त्या तेवीस मुलांची आठवण होते, आणि ती व्हावी असेच आम्हांला वाटते.

कायद्याने आपले काम बरेच केले आहे. अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या पॉलिएथिलीनसाठी आयएस १०१४६ आणि पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० ही भारतीय मानके आहेत. आयएस ९८४५ मध्ये चाचणीची रीत आहे: भांड्यात पाणी, तीन टक्के ॲसेटिक आम्ल, तेलाच्या जागी हेप्टेन अशी द्रव्ये ठरावीक काळ ठेवतात आणि भिंतीतून किती अंश उतरला ते मोजतात, लिटरमागे साठ मिलिग्रॅमपेक्षा अधिक उतरता कामा नये. हे तीन टक्के आम्ल म्हणजे जवळजवळ आपल्या स्वयंपाकघरातला सौम्य शिरकाच. पुनर्वापरित प्लॅस्टिकात खाद्यपदार्थ ठेवण्यास १९९९ च्या नियमांनी मनाई केली, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनी ती पुन्हा बजावली. पुढे २०२२ पासून पीईटीपुरती अटींसह वाट मोकळी झाली. पण गल्लीतल्या काळ्या बादलीचा त्या वाटेशी काही संबंध नाही.

भांड्याच्या बुडाशी त्रिकोणात एक अंक असतो, त्याविषयी मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना तो सुरक्षिततेचा शिक्का वाटतो. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उत्पादकांच्या संस्थेने हे अंक सुरू केले ते कचरा वेगळा करणाऱ्यांच्या सोयीसाठी. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी, १ म्हणजे पीईटी, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, एवढेच तो सांगतो. कीटकनाशकाच्या डब्यावरही २ हाच अंक असू शकतो, आणि मधाच्या बाटलीवरही. खाद्यपदार्थांसाठी बनवल्याची खूण वेगळी: पेला आणि काटा यांचे चित्र, किंवा तसे स्पष्ट लिहिलेले शब्द. खारासाठी आम्ही २ किंवा ५ अंकाचे, त्यावर ही खूण असलेले, नवे आणि शक्यतो पांढरे किंवा नैसर्गिक दुधी रंगाचे भांडे सुचवू. रंग पांढरा का? गडद रंगाखाली भंगारातून आलेला माल लपतो, आणि आतली घाण व बुरशीही दिसत नाही. जुने घ्यायचेच असेल तर ते कशाचे होते हे ज्याने वापरले त्याच्याच तोंडून कळले पाहिजे, आणि ते खाद्यपदार्थाचेच असले पाहिजे. मिठाईवाल्याकडचा ग्लुकोजचा किंवा तेलाचा डबा चालेल. 'बहुधा काही नसावे' असे सांगून विकलेले पिंप चालणार नाही.

काही बारीक गोष्टी राहतात. गरम फोडणी प्लॅस्टिकात ओतू नये. उष्णता आणि तेल एकत्र आले की प्लॅस्टिकातले अंश अधिक सुटतात, म्हणून खारवणे प्लॅस्टिकात आणि फोडणीचे लोणचे काचेत किंवा चिनी मातीत अशी वाटणी आम्हांला योग्य वाटते. आतून घासणीने ओरखडे पाडू नयेत. जंतू तिथेच वस्ती करतात. पिंप उन्हात ठेवू नये, ते ठिसूळ होते. पत्र्याचे झाकण गंजते, म्हणून झाकणही प्लॅस्टिकचेच, किंवा जुन्या रीतीने दादरा बांधलेला. मिरचीचा वास एकदा लागला की पिंपातून जात नाही. लिंबाचे पिंप लिंबालाच ठेवावे. पोलादाच्या डब्यावर भरवसा ठेवणाऱ्या भगिनींना सांगावेसे वाटते की मीठ स्टेनलेस स्टीललाही सुईने टोचल्यासारखी छिद्रे पाडते. आणि २००५, २०१९, २०२१ चे महापूर पाहिलेल्या शिरोळ-करवीरकरांसाठी आणखी एक: पुराच्या पाण्यात बुडालेले पिंप, आतला खार शाबूत दिसला तरी, टाकूनच द्यावे.

मीठ किती घ्यावे, हेही भांड्याइतकेच ठरवून घ्यावे लागते. हंगामभर ठेवायच्या कैरीला दहा लिटर पाण्यात दीड किलो मीठ हे आमच्याकडचे प्रमाण. त्यात ताजे अंडे सहज तरंगते. बारीक दळलेल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले द्रव्य खार गढूळ करते, तेव्हा खडे मीठ घ्यावे, पाणी उकळून पुरते निवू द्यावे आणि मगच पिंपात ओतावे. कैरी खाराखाली बुडालेली राहावी म्हणून वर पीपीची ताटली आणि तिच्यावर धुऊन उकळलेला काळा दगड ठेवावा. पिंपाला चिकटपट्टी लावून तीवर घालण्याची तारीख, मिठाचे प्रमाण आणि ते पिंप कोणत्या दुकानातून, केव्हा घेतले ते लिहावे. बचत गटांत माणसे बदलतात, अध्यक्षा बदलतात, पिंप मात्र तेच राहते. पुढच्या उन्हाळ्यात ते हाती घेणाऱ्या बाईला विचारायला कोणी नसले तरी वाचायला ती पट्टी असेल.